चार मिनिटांची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. मला लाकडी मूठ आहे, ती धरून मला हलवायचे असते. लांबलेली भाषणे थांबवणे हा माझा धंदा. गेली कित्येक वर्षे मी हेच करत आले, आणि खरे सांगते, आता अगदी शिणून गेले आहे. वर्गात एखाद्या तासाला गुरुजी जरा जास्त बोलले तरी तुमच्या नाकी नऊ येतात. मी ऐकलेली सगळी भाषणे तुम्ही ऐकायला बसलात, तर उठेपर्यंत तुमची दाढी पांढरी होईल.

एका ओताऱ्याच्या भट्टीत मी जन्मले. त्याने धातू वितळवला, साच्यात ओतला आणि थंड झाल्यावर मला वाजवून पाहिले. तो म्हणाला, "आवाज जरा किनरा आहे, पण पोरं ऐकतील." एवढेच माझे बारसे. तिथून मी एका शाळेत गेले. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई फार कडक होत्या. त्यांनी मला उचलले की मैदानावरचा चेंडूसुद्धा हवेत थांबेल की काय, असे वाटायचे. ते माझे सुखाचे दिवस. माझा आवाज ऐकून मुले आनंदाने ओरडत घरी पळायची. पुढे शाळेत विजेची घंटा आली, बाई निवृत्त झाल्या आणि मला पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या.

बाई एका राजकीय पक्षात होत्या. पक्ष नाना तऱ्हेचे असतात. काहींना वाटते, सगळे झटपट बदलून टाकावे. बाईंच्या पक्षाला वाटे, जे नीट चालले आहे ते उगाच मोडू नये, आणि बदलायचेच असेल तर चार वेळा विचार करावा. कोणाचे बरोबर, ते मला विचारू नका. मी फक्त वेळ सांगते.

या पक्षाचे कार्यकर्ते वर्षातून एकदा जमायचे. सभागृह तेच, महिना तोच, टेबलावरचे हिरवे कापडही तेच. त्या कापडावर शाईचा एक डाग होता आणि तो दरवर्षी वक्त्याच्या बाजूलाच यायचा, कारण कापड उलटे घालावे असे कोणाच्या डोक्यातच आले नाही. बसायच्या जागाही ठरलेल्या. एखाद्याने चुकून दुसऱ्याची खुर्ची घेतली तर अख्खी रांग अवघडून बसायची.

आणि भाषणे! "मी फार वेळ घेणार नाही," असे म्हणून माणूस उभा राहिला की ओळखावे, आता जेवण थंड होणार. "शेवटचा मुद्दा" म्हटला की अजून तीन शिल्लक असतात. निवडणुकीचे वर्ष असले तर विचारूच नका. त्या वर्षी मुकी माणसेही बोलू लागतात. शेवटी अध्यक्ष झालेल्या आमच्या बाईंनी मला टेबलावर ठणकन ठेवले आणि नियम केला. मंत्री असो की झाडूवाला, प्रत्येकाला चार मिनिटे. तीन मिनिटांना एक टोल, म्हणजे आवरते घ्या. चार मिनिटांना दोन टोल, म्हणजे बसा. वाक्य अर्धे असले तरी बसा. नियमाच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती, वेळ पाहणाऱ्याने स्वतःची वेळ पाहू नये. नियम एकदा झाला की या लोकांकडून तो मोडला जात नाही. बाई गेल्या, त्यानंतर कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले, पण नियम तसाच राहिला.

वेळ पाहायला बाईंनी एक तरुण घड्याळजी निवडला होता, कारण सबंध सभागृहात त्याचे एकट्याचेच घड्याळ बरोबर होते. पुढे सगळे त्याला घड्याळदादा म्हणू लागले. मेळावा संपला की तो माझ्या पोटातल्या गोळ्याला फडक्याची पट्टी बांधायचा, म्हणजे रस्त्यात मी वाजू नये, आणि मला आपल्या दुकानात न्यायचा. वर्षातला एक दिवस मी सभागृहात असे, उरलेले सगळे दिवस त्याच्या दुकानाच्या फळीवर, टिकटिक करणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये. लिंबू आणि राख लावून तो मला लख्ख घासायचा. दुकानामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. तिला सगळे कार्यकर्ते वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

घड्याळदादाला एक धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यामुळे आठ वर्षांच्या या दिराला वहिनीनेच लहानाचा मोठा केला. तो बसचालक झाला. डोंगरापलीकडच्या वस्तीला जाणारी सकाळी सातची बस तो चालवायचा. नोकरी लागली त्या दिवशी दादाने त्याला स्वतःच्या हाताने जुळवलेले एक मनगटी घड्याळ दिले. दर रविवारी दुपारी तो चहाला यायचा, ते घड्याळ काढून काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ रे दादा, तब्येत कशी आहे त्याची." घड्याळाला काहीही झालेले नसायचे. तरी दादा ते उघडून पाहायचा, फुंकर मारायचा आणि बंद करायचा.

मग एक निवडणुकीचे वर्ष आले. मेळाव्यात पक्षाचा उमेदवार ठरायचा होता. इच्छुक दोघे होते, एक औषधांचा दुकानदार आणि दुसरा आमचा धाकटा. दोघांनी चार-चार मिनिटे बोलायचे आणि मग कार्यकर्त्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या. सातची बस बंद करायचे घाटत होते आणि ती वाचवण्यासाठी धाकट्याला निवडून जायचे होते. त्याला दुसरी कसलीही हौस नव्हती.

आठ दिवस रोज दुपारी, दुकानाला कुलूप लावून तो आमच्यासमोर भाषणाची तालीम करायचा. आधी तो सगळा रुक्ष हिशेब सांगे, किती किलोमीटर, किती फेऱ्या. मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचा आवाज बदलायचा. तो म्हणायचा, "लोक म्हणतात, बस रिकामी जाते. खरं आहे. त्या बसमध्ये रोज एकच बाई बसते. आणि ती बाई परिचारिका आहे. वस्तीत गेल्या पाच वर्षांत जेवढी मुलं जन्मली, त्या प्रत्येकाला पहिला हात तिचा लागला. मी एका बाईला नेत नाही, मी सगळ्या वस्तीचा दवाखाना नेतो." पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा वहिनीने पदराने डोळे पुसले. दादाने हातातल्या घड्याळाकडे पाहिले. "तीन मिनिटं पन्नास सेकंद. बस! आता एका शब्दालाही हात लावू नकोस."

मेळाव्याच्या सकाळी चहाच्या टेबलाशी गर्दी होती. तिथे कोणीतरी दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय घड्याळदादा, आज भावाला पाच मिनिटं का?" सगळे हसले. बोलणारा थट्टेच्या ओघात बोलून गेला आणि बिस्किट घ्यायला वळलाही. दादा मात्र हसला नाही. त्याचा चहा कपात तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या वेळेबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि ते बोलणे त्याच्या फार जिव्हारी लागले.

औषधवाला आधी बोलला. त्याला बरोबर तीन मिनिटांना एक आणि चार मिनिटांना दोन टोल पडले. मग धाकटा उठला. त्याने सगळे आकडे सांगितले, लोक जांभया देऊ लागले. एक टोल पडला. तो घाबरला नाही, त्याला आपली वेळ पाठ होती. "लोक म्हणतात, बस रिकामी जाते," तो म्हणाला. "खरं आहे. त्या बसमध्ये रोज एकच बाई बसते. आणि ती बाई..."

मित्रांनो, तेव्हा दादाने मला उचलले. मी त्याच्या हातात होते, म्हणून मला माहीत आहे. त्याने घड्याळाचा काटा नीट पाहिला होता. साडेतीन मिनिटे झाली होती. त्याचा हात घामाने ओला होता. भावाला अर्धा क्षणही जास्त दिला असे कोणी म्हणू नये, या एकाच भीतीने त्याचा हात हलला. मी वाजले. दोन टोल.

धाकट्याने वळून भावाकडे पाहिले. मग वाक्य तसेच सोडून तो खाली बसला, कारण नियम तसा होता. सभागृहात एक-दोघे हसले. एका बाईसाठी सबंध बस, असेच सगळ्यांच्या कानावर पडले होते ना! थोड्याच चिठ्ठ्यांच्या फरकाने उमेदवारी औषधवाल्याला मिळाली. तो माणूस वाईट नव्हता, निवडूनही आला. पण त्याचा आणि त्या बसचा काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी ती बंद झाली.

त्या रविवारी वहिनीने तीन कप चहा टाकला. धाकटा आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. वहिनीला तो रस्त्यात भेटायचा, तिची पिशवी घरापर्यंत आणून द्यायचा, पण दाराच्या आत पाऊल टाकायचा नाही. काही महिन्यांनी दादाला समजले, की आपण दिलेले घड्याळ भाऊ आता बाजारातल्या दुसऱ्या दुकानात दाखवतो. त्या दिवशी दादाने दुपारीच दुकान बंद केले.

मला मात्र त्यानंतर जे झाले त्याचाच जास्त शीण आला. दादाची वाहवा सुरू झाली. दरवर्षी मेळाव्यात कोणी ना कोणी उठून सांगायचे, "आमचे घड्याळदादा म्हणजे काय! सख्ख्या भावालासुद्धा एक सेकंद जास्त दिला नाही!" टाळ्या पडायच्या. दादा मान खाली घालून माझ्या मुठीवरचा नसलेला डाग पुसत बसायचा. आणि शेवटून तिसऱ्या रांगेत, खांबाच्या शेजारी, आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसून धाकटाही ते ऐकायचा. त्याने एकही मेळावा चुकवला नाही. तो टाळ्या वाजवायचा नाही आणि उठूनही जायचा नाही. अकरा वर्षे हे असेच चालले. मित्रांनो, मी धातूची असून मला ते सहन होईना.

दादाने मला घासणेही सोडले. मी काळवंडले. मूठ सैल झाली. फळीवर माझ्यापुढे डब्यांची रांग लागली. एके दुपारी वहिनीने ते डबे बाजूला केले आणि मला काढून त्याच्यापुढे ठेवले.

"ही अशी का झाली हो?"

"जुनी झाली. यंदा मेळाव्यात पडद्यावर आकडे दिसणार आहेत. हिचं काम संपलं," दादा म्हणाला. "माझंही संपलं. निवडणूक तोंडावर आहे, त्यांना सगळं नवं हवंय. मला मानपत्र देणार आहेत. वर बोलायला चार मिनिटं."

"चांगलं आहे की."

दादाच्या हातात एका घड्याळाचे बारीक चाक होते, ते त्याला काही केल्या बसवता येईना. मग तो एकदम म्हणाला, "मी त्या दिवशी अर्धं मिनिट आधी वाजवली होती."

वहिनीने विचारले, "चुकून?"

"नाही. काटा बघून."

मला वाटले, ती आता कडाडणार. पण ती दमल्यासारखी स्टुलावर बसली. "अकरा वर्षं मी त्या पोरालाच म्हणत राहिले, की तुझंच भाषण लांबलं असेल. तो एका शब्दानं काही बोलला नाही मला." मग तिने डोळे पुसले आणि फडके पुढे केले. "घासा तिला. आणि मला सांगितलंत ते तिथे सांगा, सगळ्यांसमोर. टाळ्या सगळ्यांसमोर घेतल्यात ना?"

मेळाव्याचा दिवस आला. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर लाल आकडे. हिरवे कापड तेच, डागही तिथेच. अध्यक्षांनी मानपत्र वाचायला घेतले आणि तिसऱ्याच ओळीत ते वाक्य आले, "ज्यांनी सख्ख्या भावालाही..." टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा बोलायला उठला, तेव्हा पुढच्या रांगेतले एक म्हातारे कार्यकर्ते काठी आपटत म्हणाले, "घड्याळदादांचं भाषण त्या दिव्यांवर नको. घंटेवरच झालं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मग अडचण आली. वेळ पाहणाऱ्याने स्वतःची वेळ पाहू नये, हा नियम. मग घंटा कोण धरणार? सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"मी धरतो," मागून आवाज आला. शेवटून तिसऱ्या रांगेतून धाकटा उठला होता. सगळ्या माना मागे वळल्या. तो सावकाश पुढे आला, मला उचलले, माझी सैल मूठ अंगठ्याने दाबून धरली आणि मनगटावरचे ते जुने घड्याळ सरळ केले. माझ्या पोटात तर गोळा आहेच, पण त्या क्षणी मला तो जाणवला.

दादाने मानपत्र उचलून धरले. "या मानपत्रात एक चूक आहे," तो म्हणाला. "भावाला एक सेकंद जास्त दिला नाही, असं लिहिलंय. मी त्याला तीस सेकंद कमी दिले." लोकांना आधी कळेनाच. मग त्याने सगळे सांगितले. चहाच्या टेबलावरची थट्टा, ओला हात, काट्याकडे पाहणे. "मला न्याय करायचा नव्हता. मला न्यायी दिसायचं होतं. मी स्वतःचं नाव राखलं आणि त्यासाठी भावाचं बोलणं तोडलं. आपण सगळे जुनं जपा, जुनं जपा म्हणतो. मी ही घंटा जपली, घड्याळ जपलं, नाव जपलं. भाऊ तेवढा जपला नाही." एक टोल पडला. तीन मिनिटे झाली होती. धाकट्याचा हात अजिबात कापत नव्हता.

"त्याचं वाक्य राहिलं होतं," दादा घाईने म्हणाला. "ते मला पाठ आहे. त्या बसमध्ये रोज एकच बाई बसायची. आणि ती बाई परिचारिका होती. वस्तीतल्या प्रत्येक मुलाला पहिला हात तिचा लागला. माझा भाऊ एका बाईला नेत नव्हता, तो सगळ्या वस्तीचा दवाखाना नेत होता. हे तुम्हाला तेव्हा ऐकायला मिळायला हवं होतं. ते माझ्यामुळे मिळालं नाही. म्हणून आज मी सगळ्यांसमोर माझ्या भावाची..."

दोन टोल.

मी एवढी खणखणीत त्या सभागृहात कधीच वाजले नव्हते. वाक्य अर्धे होते. दादाने तोंड मिटले. सवयीने तो खाली बसलासुद्धा. मग त्याने आपल्या घड्याळाकडे पाहिले, भावाकडे पाहिले आणि घड्याळजी तो घड्याळजीच, हळूच म्हणाला, "तुझं घड्याळ पुढे आहे रे. साडेतीनच झालीत."

"घड्याळ बरोबर आहे, दादा," धाकटा म्हणाला. "साडेतीनच झालीत. फिटंफाट."

दादा खुर्चीतून अर्धवट उठला. "तुला ठाऊक होतं?"

"सातची बस चालवायचो मी. मला अर्धं मिनिट कळत नाही होय?" त्याने मला टेबलावर ठेवले. "तू कधी बोलतोस, तेवढंच बघत होतो. तिथे मागे बसून."

बस तर केव्हाच गेली होती आणि ती काही परत आली नाही. गेलेली अकरा वर्षेही आली नाहीत. दुसऱ्या रांगेत बसलेली वहिनी मात्र उठली, दिराजवळ गेली, त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली आणि म्हणाली, "मला तरी सांगायचंस, मेल्या!" मग सभागृहात हसू फुटले. ठरलेल्या खुर्च्या सोडून लोक उभे राहिले आणि त्या दिवशी कोण कुठे बसला याचे कोणालाच भान उरले नाही.

मित्रांनो, आता माझे काम त्या लाल आकड्यांनी घेतले आहे आणि मला त्याचे जराही वाईट वाटत नाही. मी फळीवर पडून असते. रविवारी दुपारी एक घड्याळ काउंटरवर येते. दादाचे हात फार कापतात, त्याला ते उघडता येत नाही. तो ते नुसते कानाशी धरतो, ऐकतो आणि परत देतो.

महिन्या-दोन महिन्यांनी मला कोणी पुसले तर बरे वाटेल, जुन्या वस्तूला तेवढी आशा असते. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात, वर्गात, मैदानावर तुम्ही कधी कोणाचे बोलणे मध्येच तोडले असेल, तर त्याला आज शोधून काढा. त्याच्यापुढे बसा आणि त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्या. मी मध्ये वाजणार नाही.